मैत्री, हेवा आणि खमंग काकडी: मुलांसाठी पहिली गोष्ट लिहिताय तर हे वाचा

मी काही मोठा लेखक वगैरे नाही, डोंबिवलीत राहतो, नोकरी करतो आणि लोकलमध्ये बसायला मिळालं तर लिहितो. मुलगी सात वर्षांची होती तेव्हा तिला रोज रात्री नवीन गोष्ट लागायची, त्यातून हे सुरू झालं. मैत्री, मैत्रिणीचा हेवा आणि स्वयंपाक शिकणं या तीन गोष्टी एकत्र बांधून एक कथा लिहिली, ती एका मासिकाकडून परत आली, मग तीनदा नव्याने लिहिली आणि चौथ्यांदा लागली. त्या सगळ्या घोळात दीड वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

काय काय लागेल

- एक वही आणि पेन्सिल (थेट मोबाईलवर लिहू नका, खाडाखोड दिसायला हवी)
- घड्याळ किंवा मोबाईलचा टायमर
- आवाज रेकॉर्ड करायचं ॲप, मोबाईलमधलंच चालेल
- युनिकोड मराठी कीबोर्ड (त्यातलं टाइप केलेलं कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर वाचता येतं)
- तुम्ही निवडाल त्या पदार्थाचं सामान, दोनदा पुरेल एवढं
- सहा ते दहा वयाचं किमान एक मूल, शक्यतो तुमचं नसलेलं, कारण आपलं पोरगं आपल्याला बरं वाटावं म्हणून हसतं

१. आधी पदार्थ ठरवा, गोष्ट नंतर

बहुतेक जण उलटं करतात. आधी 'मैत्रीवर गोष्ट लिहू' असं ठरवतात आणि मग दोन मैत्रिणींच्या हातात उगाच एक केक देतात. मीही हेच केलं होतं, माझ्या पहिल्या खर्ड्यात दोन मुली दहा मिनिटांत थालीपीठ करत होत्या. बिल्डिंगमधल्या पोरांना वाचून दाखवलं तर एका मुलाने विचारलं, "काका, भाजणी कोणी आणली दळून?" मला उत्तरच देता येईना. तिथेच गोष्ट संपली, पुढचं कोणी ऐकलंच नाही, सगळे गिरणीवर बोलायला लागले.

तर पदार्थ असा घ्या ज्यात बिघडायची एक ठरलेली जागा आहे. प्रत्येक पदार्थात ती असतेच, घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला किंवा बाप्याला विचारा, लगेच सांगतील. भेळेत चटणी लवकर ओतली की कुरमुरे मऊ पडतात. दाण्याच्या लाडवात गूळ कमी पडला की लाडू वळत नाही, वळला तरी फुटतो. धिरड्याचा तवा नीट तापला नसेल तर पहिलं धिरडं चिकटणारच. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे दही, विरजण लावून भांडं सारखं हलवून बघत बसलं की दही नीट लागतच नाही. आता मला सांगा, हेवा वाटणारं मूल यापेक्षा वेगळं काय करतं, सारखं झाकण उघडून बघतं ना की मैत्रिणीचं माझ्यापेक्षा चांगलं लागलं का?

मी शेवटी खमंग काकडी घेतली, कारण तिची बिघडायची जागा मिठात आहे. काकडी चोचवून मीठ घालून ठेवली की तिला पाणी सुटतं, म्हणून मीठ अगदी वाढायच्या वेळी घालायचं. मीठ काकडीच्या आतलं पाणी बाहेर ओढून घेतं, एवढं साधं आहे, आणि पंधरा-वीस मिनिटांत वाडग्याच्या तळाशी तळं दिसायला लागतं. एका चिमटीत सगळं बिघडवता येतं आणि कोणाला कळतही नाही. गोष्टीला अजून काय पाहिजे.

२. पदार्थ स्वतः करा, मुलाला घेऊन, वेळ लावून

ही पायरी टाळू नका, प्लीज. मला वाटायचं आपण लहानपणापासून खातोय म्हणजे आपल्याला माहीत आहे. काही माहीत नसतं.

मी आणि मुलीने एका रविवारी खमंग काकडी केली आणि वहीत नोंदी केल्या. चोचवायचं काम मी केलं, कारण काकडी हातात धरून सुरीने उभे-आडवे घाव घालायचे असतात आणि ते सात वर्षांच्या मुलाचं काम नाही. फोडणीही आईने केली, तूप-जिरं-मिरचीची. मग मुलीच्या वाट्याला काय आलं? दाण्याचं कूट. भाजलेले दाणे गार झाल्यावर तळहातात चोळायचे, सालं सुटली की फुंकर मारायची आणि मग खलबत्त्यात कुटायचे. तिने पहिली फुंकर एवढ्या जोरात मारली की सालं ओट्यावर, माझ्या चष्म्यावर आणि कपबशांच्या स्टँडमध्ये गेली, दोन दिवस चहाच्या कपात सालं निघत होती. हे मला बसल्या जागी सुचलं नसतं हो.

अजून एक कळलं. काकडी आधी चाखून बघायची असते, कडू निघाली तर सगळं वाडगं वाया. आमच्याकडे टोक कापून ते कापलेल्या जागी गोल गोल घासतात, पांढरा फेस येतो, मुलांना त्यात फार मजा वाटते. त्याने कडूपणा जातो की नाही यावर घरात दोन गट आहेत, पण चाखण्यावर सगळ्यांचं एकमत.

नोंदी करताना हे लिहा: कोणत्या कामाला किती मिनिटं लागली, मुलाचा हात कुठे पुरला नाही, कुठे कंटाळा आला, कसला वास आला, काय सांडलं. गोष्टीत सुरी, गॅस आणि गरम तेल येत असेल तर तिथे मोठं माणूस उभं ठेवा, कारण मुलं गोष्ट ऐकून तसंच करून बघतात. त्यासाठी वेगळी सूचना छापायची गरज नाही, 'फोडणी आजीने केली' एवढं वाक्य पुरतं.

३. वय ठरवा आणि शब्द मोजा

'सगळ्या वयाच्या मुलांसाठी' असं काही नसतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवर वाचनाच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत, पहिली साधारण अडीचशे शब्दांपर्यंत, दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत आणि त्यापुढे चौथी. छापील मासिकाला पाठवणार असाल तरी ही मोजपट्टी कामाची आहे. मैत्री-हेवा-स्वयंपाक एवढं सगळं अडीचशे शब्दांत बसवायला जाऊ नका, कोंबल्यासारखं होतं. माझी गोष्ट नऊशे शब्दांची झाली, म्हणजे तिसरी पायरी, मूल स्वतः वाचू शकेल अशी. अगदी लहानांसाठी लिहीत असाल तर जोडाक्षरं मोजून बघा, 'स्वयंपाकघर' हा शब्दच पहिलीतल्या मुलाला दोनदा थांबवतो.

४. हेवा कोणाचा आणि नक्की कशाचा ते ठरवा

इथे बराच वेळ द्या, माझी गोष्ट परत आली ती इथेच.

पहिल्या खर्ड्यात माझी नायिका गुणी होती आणि तिची मैत्रीण जळकी. सगळ्या गोष्टी अशाच असतात म्हणून मीही तसंच लिहिलं. मुलीला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "ती वाईट मुलगी कुठे राहते?" मी म्हटलं कुठेच नाही, गोष्टीत आहे. तर म्हणाली, "मग तिला आई नाही का?" म्हणजे बघा, गुणी मुलीचं तिला काहीच पडलं नव्हतं, तिला दुसरीचं घर बघायचं होतं. मग मी गोष्ट फिरवली. जिला हेवा वाटतो तिच्याच खांद्यावरून सगळं बघायचं. वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला हेवा वाटलेला असतो, गुणी फार थोडी असतात.

दुसरं म्हणजे हेवा वस्तूचा ठेवू नका. कंपास, सायकल, टॅब यांचा हेवा असतो पण तो पटकन विरतो, नवीन कंपास आणला की संपलं. खरा हेवा माणसावरून असतो आणि त्याला तिसरं माणूस लागतं. दोघी एकमेकींकडे बघत असतील तर फार तर भांडण होईल, पण तिसरीने एकीचं कौतुक केलं की हेवा. माझ्या गोष्टीत ती तिसरी म्हणजे ओवीची आजी. ओवी आणि झोया एकाच मजल्यावर राहतात, सुट्टीत रोज दुपारी ओवीच्या घरी असतात, आणि एक दिवस झोयाने कुटलेल्या दाण्यांची चव बघून आजी सहज म्हणते, "हाताला चव आहे गं तुझ्या." बस. एवढंच वाक्य. ओवीची आजी, ओवीचा खलबत्ता, आणि चव झोयाच्या हाताला! ओवीने रात्री अंथरुणात स्वतःचा तळहात चाटून बघितला, हे वाक्य मला फार उशिरा सुचलं आणि मुलं तिथे हमखास हसतात आणि मग गप्प होतात.

सापळा: गोष्टीत 'मत्सर' आणि 'असूया' लिहू नका. मुलं म्हणतात ती भाव खाते, शायनिंग मारते, मी तिच्याशी कट्टी आहे, आणि आताची तर सरळ जेलसच म्हणतात. 'पोटात दुखणं' हा वाक्प्रचार स्वयंपाकाच्या गोष्टीत फुकट मिळालेला आहे, वापरा, पण एकदाच. मी तीनदा वापरला होता, तिसऱ्यांदा मलाच लाज वाटली.

५. वाईट काम छोटं ठेवा आणि भांड्याच्या आत ठेवा

हेव्यापोटी मूल काहीतरी करतं, ते दाखवावंच लागतं. नवीन लिहिणारे इथे मोठी चूक करतात, मैत्रिणीला ढकलतात, चोरीचा आळ घेतात, पाहुण्यांसमोर मिठाचा डबा ओततात. एवढं मोठं केलं की मग माफी पण मोठी लागते आणि गोष्ट कोर्टासारखी होते. छोटं ठेवा. ओवी काय करते, आजी फोनवर बोलायला आत गेली आणि झोया हात धुवायला गेली की ती काकडीवर मीठ टाकते आणि झाकण लावते. झालं. तो तुकडा असा आहे:

"ओवीने बरणीचं झाकण उघडलं. एक चिमूट. मग अजून एक. काकडीवर मीठ दिसलं आणि लगेच दिसेनासं झालं. बाथरूममधला नळ बंद झाला. ओवीने झाकण ठेवलं आणि फ्रीजवरचे मॅग्नेट मोजायला लागली."

बघा, 'तिच्या मनात वाईट विचार आला' वगैरे काही लिहिलं नाहीये. मॅग्नेट मोजतेय म्हणजे काय ते मुलांना बरोबर कळतं, तीही तसंच काहीतरी मोजत उभी राहिलेली असतात.

६. उघड कसं होतं ते पदार्थावर सोडा

मला वाटलं होतं आजी पकडेल. दोन खर्डे तसेच गेले. मग घरी मुद्दाम मीठ घालून काकडी अर्धा तास ठेवली आणि झाकण उघडलं, तेव्हा मुलगी पटकन म्हणाली, "अगं बाई, माझ्याकडून काय चुकलं?" तिने काहीच केलं नव्हतं, मीठ मी घातलं होतं. मला माझा प्रसंग मिळाला. ज्या मुलांनी काही केलेलं नसतं तीच आधी घाबरतात.

म्हणून गोष्टीत झोया म्हणते, "माझंच चुकलं असेल, मी कूट जाड कुटलं." आणि ओवीला खरंखुरं पोटात दुखायला लागतं. आजी ओवा शोधायला जाते. ओरडा नाही, तपास नाही. तुमच्या पदार्थात हा क्षण कुठे आहे ते शोधा, भेळ असेल तर मऊ कुरमुऱ्यांचा पहिला घास, लाडू असेल तर हातातच फुटलेला लाडू. तिथे सगळ्या पात्रांना भांड्याभोवती उभं करा आणि तुम्ही गप्प बसा.

७. आजीला भाषण करू देऊ नका

माझ्या आजीचं भाषण अकरा ओळींचं होतं. मैत्री म्हणजे काय, हाताची पाच बोटं, सगळं. मासिकाच्या संपादकांनी पेन्सिलने ते अकराच्या अकरा ओळी कंसात टाकल्या होत्या आणि समासात लिहिलं होतं, 'हे कोण बोलतंय?' तेव्हा राग आला होता. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "ही आजी खोटी आहे. आपली आजी एवढं बोलत नाही, ती नुसती बघते." दोघांचं एकच म्हणणं, मग काढलं.

आता आजी एवढंच म्हणते, "पाणी ओतू नका, पीठ भिजवायला होईल." काकडी पिळून घेतात, ते खारट पाणी थालीपिठाच्या भाजणीत जातं (भाजणी या वेळी कोणी दळून आणली ते मी दुसऱ्याच परिच्छेदात सांगून ठेवलंय, त्या पोराची आठवण ठेवून) आणि पीठ मळताना खाली बघत ओवी म्हणते, "मीठ मी घातलं होतं." झोया कट्टी घेते. घरी जाते. संध्याकाळी थालीपीठ घेऊन ओवी तिच्या दारात उभी असते, झोया दार उघडते, थालीपीठ घेते आणि दार लावते. मग परत उघडते आणि विचारते, "लोणी?"

एवढ्यावर संपवलं. बट्टी झाली की नाही हे मुलं आपापसात भांडून ठरवतात आणि ते भांडण ऐकण्यासारखं असतं.

८. वाचून दाखवा, पण विचारू नका

'आवडली का' असं विचारलं की मुलं हो म्हणतात. त्यापेक्षा मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि वाचा. नंतर ऐकताना कुठे चुळबुळ सुरू झाली, कुठे कोणीतरी 'पुढे?' म्हणालं, कुठे सगळे एकदम बोलले हे वेळेसकट लिहून काढा. माझ्या गोष्टीत काकडीच्या जाती सांगणारा एक परिच्छेद होता, तिथे रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं, "काका मी पाणी पिऊन येऊ?" तो परिच्छेद त्याच रात्री गेला. आणि रेकॉर्डिंग करायच्या आधी त्या मुलांच्या आईवडिलांना सांगा हो, मी नाही सांगितलं तर एका ताईंनी नीट झापलं मला, बरोबरच होतं त्यांचं.

९. टाइप करणं आणि पाठवणं

युनिकोडमध्येच टाइप करा. मी पहिल्यांदा एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं, त्याने जुन्या फॉन्टमध्ये केलं, माझ्या पेनड्राइव्हवरून संपादकांच्या कॉम्प्युटरवर गेलं आणि तिथे नुसती चौकटी-टिंबं उमटली. कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला वाचता येत नाही. वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ असं दोन्ही पाठवा.

कुठे पाठवायचं? बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं 'छात्र प्रबोधन' आहे, आणि दिवाळीत मुलांचे वेगळे अंक निघतात. पाठवण्याआधी त्या मासिकाचे मागचे चार-पाच अंक वाचाच, 'किशोर'चे जुने अंक तर ऑनलाइन बघता येतात. दिवाळी अंकाचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, नवरात्रात गोष्ट पाठवलीत तर ती पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जाते.

सोबत द्यायचे कागद:

- पूर्ण नाव, पत्ता, फोन, ईमेल
- चार ओळींचं पत्र, गोष्ट कोणत्या वयासाठी आणि किती शब्दांची ते त्यात लिहा
- गोष्ट स्वतःची आहे आणि आधी कुठे प्रकाशित नाही असं एक वाक्य, सहीसकट
- मानधन देणार असतील तर बँकेचे तपशील मागतील, मागितल्यावरच द्या

चित्रं काढून पाठवू नका, ते त्यांचे चित्रकार बघतात. आणि एकाच वेळी तीन ठिकाणी पाठवू नका, दोन ठिकाणी लागली तर दोन्हीकडे तोंड दाखवता येत नाही.

१०. हक्कांचं तेवढं बघून घ्या

गोष्ट लिहिली की कॉपीराइट आपोआप तुमचा असतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि कागदावर मुदत लिहिलेलीच नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरतात. तरी सही करायच्या आधी 'सर्व हक्क कायमचे' असं काही लिहिलंय का बघा आणि असेल तर विचारा, विचारल्याने कोणी गोष्ट परत करत नाही.

सगळ्यात मोठा सापळा: उत्साहाच्या भरात गोष्ट आधी नेटवर टाकू नका. 'स्टोरीवीव्हर'वर टाकलेली गोष्ट खुल्या परवान्याखाली जाते, म्हणजे तुमचं नाव देऊन कोणीही ती वापरू शकतं, भाषांतर करू शकतं, विकूही शकतं. मुलांपर्यंत पोचायला ते उत्तमच आहे, मी दुसरी गोष्ट तिथेच देणार आहे. पण तिकडे टाकल्यावर मासिकाला 'अप्रकाशित' म्हणून देता येत नाही, तेव्हा आधी ठरवा. व्हॉट्सॲपवर फॅमिली ग्रुपमध्ये टाकायचा मोह तर मला पण झाला होता. नाही टाकली ते बरं झालं, एका काकांनी कोणाचीतरी कविता अशीच फिरवली आणि चार दिवसांत ती दुसऱ्याच नावाने आमच्याकडे परत आली.

पाठवल्यावर तीन महिने वाट बघा, मग एक साधा मेल टाका. तोपर्यंत पुढचा पदार्थ सुरू करा. आमच्याकडे सध्या विरजण चालू आहे, मुलगी दर दहा मिनिटांनी झाकण उघडते आणि मी वहीत वेळ लिहितोय.